लिंडा रिचर्ड्स : एका परिचारिकेचे विद्यार्थिजीवन

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, म्हणजे मुलींच्या पालकांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांत शुश्रूषेच्या शिक्षणाचा प्रश्न असतोच. घरची स्थिती बेताची असली, तर मुलीला थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम देऊन लवकर मिळवती करावी असे वडील माणसांस वाटते, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. परंतु चारपाच वर्षे साहाय्यक परिचारिका म्हणून राबल्यावर तीच मुलगी मनाशी विचार करू लागते. हातास काम बसले आहे, रोगी आपणांस नावाने हाक मारतात, डॉक्टर आपल्यावर विसंबतात. मग आता पुन्हा बाकावर बसून पहिल्या धड्यापासून शिकावे काय? आणि शिकावयाचेच तर कोणत्या शाळेत? हा विचार नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका एकतीस वर्षांच्या बाईस तो करावा लागला होता, व त्या वेळी तिच्यापुढे शाळा निवडण्यास शाळाच जवळजवळ नव्हत्या. त्या लिंडा रिचर्ड्सबाईंचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

त्यांचे पूर्ण नाव मॅलिंडा अ‍ॅन जडसन रिचर्ड्स. जन्म सन १८४१ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस, न्यूयॉर्क संस्थानातील पॉट्सडॅम गावाजवळ झाला. या नावाची हकीकत आमच्या वाचकांस थोडी आपली वाटेल. सन १८१२ मध्ये अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांस परदेशी पाठविण्यासाठी एकाच दिवशी दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस आले, आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. जडसन हे आपली पत्नी अ‍ॅन हिच्यासह ब्रह्मदेशी गेले. लिंडाचे वडील सॅनफर्ड रिचर्ड्स हे उपदेशक होते. मुलीनेही पुढे अशीच दूरदेशी सेवा करावी या आशेने त्यांनी तिला अ‍ॅन जडसनबाईंचे नाव ठेवले. मुलांना नावे सगळेच बाप हौसेने ठेवतात. ती पुढे खरी ठरतातच असे नाही. येथे ती आशा फळास आली, पण त्यास पंचेचाळीस वर्षे लागली, आणि ते पाहावयास बाप राहिला नाही.

लिंडा चार वर्षांची असताना हे कुटुंब पश्चिमेकडे विस्कॉन्सिनमध्ये वस्तीस गेले, व थोड्याच आठवड्यांत वडील क्षयाने वारले. आई मुलींना घेऊन माहेरच्या मुलखात, व्हर्मांटमध्ये परत आली. पुढे तिलाही क्षयाने गाठले. तिची सेवा लिंडानेच केली. १८५४ मध्ये आई गेली, तेव्हा लिंडाचे वय तेरा वर्षांचे होते. ज्या वयात आमच्या मुली सातवी-आठवीच्या वर्गात भूमितीशी झगडत असतात, त्या वयात या मुलीने रात्रीची जागरणे, पथ्यपाणी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कुशी पालटणे हे सर्व शिकून घेतले होते. त्या काळी खेड्यापाड्यांतून इस्पितळे नसत. कोणाकडे दुखणे आले, म्हणजे शेजारच्या एखाद्या हुशार बाईला बोलावणे जाई. लिंडालाही अशी बोलावणी येऊ लागली, आणि ही मुलगी जन्मतःच शुश्रूषेसाठी घडली आहे असे लोक म्हणू लागले. अशी स्तुती ऐकण्यास गोड लागते. पण तिने कित्येक मुलींचे नुकसान केले आहे असे आमचे मत आहे. जी जन्मतःच शिकून आली, तिला शिकविण्याची तसदी कोण घेणार?

पंधराव्या वर्षी सेंट जॉन्सबरी येथील विद्यालयात एक वर्ष काढून लिंडा शिक्षिका झाली. काही वर्षे तिने शाळेत शिकविले. पुढे जॉर्ज पूल नावाच्या तरुणाशी तिचा विवाह ठरला. परंतु अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले, पूल सैन्यात गेला, आणि जबर जखमी होऊन परत आला. लग्न झाले नाही. लिंडाने त्याची शुश्रूषा केली, आणि १८६९ मध्ये तो वारला. अशा रीतीने अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ज्यांना आपले म्हणावे अशी तीन माणसे तिने मृत्यूच्या दारापर्यंत पोचविली होती. तेव्हा परिचारिका व्हावयाचे असे ठरवून ती बॉस्टन शहरी गेली.

येथून पुढची गोष्ट आमच्या मुलींनी नीट ध्यानात घ्यावी. १८७० मध्ये रिचर्ड्सबाई बॉस्टन सिटी हॉस्पिटल या मोठ्या इस्पितळात साहाय्यक परिचारिका म्हणून लागल्या. त्या काळी परिचारिका या नावाखाली जे काम चाले, ते पुष्कळसे मोलकरणीचे असे. फरशा पुसणे, भांडी घासणे, धुणे, आणि त्यातून उरलेल्या वेळात रोग्यांकडे पाहणे. या बायकांना शिकविण्याची सोय नव्हती. जुन्या बायका करीत तसे नव्या बायका करीत. एखादे औषध कशासाठी दिले, नाडीचा वेग बदलला तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगत नसे, व त्यांपैकी बहुतेक जणी विचारीतही नसत. रिचर्ड्सबाईंना घरी रोगी सांभाळण्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. येथे त्यांच्या लक्षात आले, की अशा जागी आणखी वीस वर्षे काढली तरी आपण आज आहोत तेथेच राहू. अतिश्रमही झाले. तीन महिन्यांत त्यांनी ती नोकरी सोडली.

नोकरी सोडणे सोपे होते. त्यापुढे जावयाचे कोठे, हे कठीण होते. शिकलेली परिचारिका ही वस्तूच त्या देशात अद्याप निर्माण झाली नव्हती. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावे सेंट थॉमस इस्पितळात १८६० मध्ये शाळा निघाली होती, पण ती समुद्रापलीकडे. इतक्यात १८७२ साली बॉस्टनमध्येच न्यू इंग्लंड हॉस्पिटल या स्त्रिया व मुले यांच्या इस्पितळात परिचारिकांसाठी पद्धतशीर शिक्षणवर्ग उघडला. हे इस्पितळ डॉक्टर मेरी झाकर्झेव्स्का यांनी १८६२ मध्ये स्थापन केले होते आणि त्याचा कारभार स्त्री-डॉक्टरांच्या हाती होता. वर्गाची व्यवस्था डॉक्टर सुसान डिमॉक यांच्याकडे होती. या बाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेने स्त्री म्हणून प्रवेश नाकारल्यावर त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे जाऊन पदवी मिळविली होती. विद्येसाठी ज्यांनी स्वतः दारे ठोठावली, त्याच दुसऱ्यांसाठी दार उघडून बसल्या होत्या. रिचर्ड्सबाईंनी सर्वांत प्रथम आपले नाव नोंदविले. त्या वर्गात एकंदर पाच विद्यार्थिनी होत्या.

हे शिक्षण कसे होते, हे सांगितल्यावाचून त्यांच्या निवडीचे मोल कळणार नाही. सकाळी साडेपाच वाजता उठावयाचे, रात्री नऊ वाजेपर्यंत काम. प्रत्येकीकडे सहा रोगी. निजण्याची खोली कोठड्यांना लागूनच. रात्री रोग्याने हाक मारली की उठावयाचे. पंधरा दिवसांतून एका दुपारी दोनपासून पाचपर्यंत सुटी. अभ्यासासाठी म्हणून वेगळा वेळ नाही. पाठ्यपुस्तक नाही. प्रवेशपरीक्षा नाही, शेवटची परीक्षाही नाही. वर्षभरात डॉक्टरांची व्याख्याने सुमारे बारा. औषधांच्या बाटल्यांवर नावांऐवजी आकडे घातलेले असत, कारण औषधाचे नाव परिचारिकेस कळणे युक्त नव्हे अशी तेव्हाची समजूत होती. आजची विद्यार्थिनी हे वाचून म्हणेल, की याला शाळा तरी का म्हणावे? तथापि जुन्या इस्पितळात नव्हती अशी एक गोष्ट येथे होती. येथे रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून शिकविणारे माणूस होते. नाडी कशी मोजावी, उष्णतामापक कसा वाचावा, श्वासाकडे कसे पाहावे, आणि पाहिलेले डॉक्टरांस कसे सांगावे, हे स्त्री-डॉक्टर स्वतः दाखवीत, व चुकले तर पुन्हा करावयास लावीत. काम दोन्हीकडे सारखेच कष्टाचे होते. फरक इतकाच, की पहिल्या ठिकाणी त्यांच्याकडून काम घेत होते, आणि दुसऱ्या ठिकाणी कामातून त्यांना शिकवीत होते. रिचर्ड्सबाईंनी हा फरक ओळखला आणि एकतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होण्यास कमीपणा मानला नाही.

१८७३ मध्ये वर्ष पुरे झाले, व पहिले प्रशस्तिपत्र रिचर्ड्सबाईंस मिळाले. त्यामुळे अमेरिकेतील पहिली शिक्षित परिचारिका असा त्यांचा उल्लेख करण्याची रीत पडली आहे. त्यांच्या गुरू डिमॉकबाई मात्र दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, युरोपास जात असता शिलर नावाची आगबोट इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांजवळ खडकावर फुटून बुडून मृत्यू पावल्या. त्यांनी आरंभिलेली शाळा पुढे पुष्कळ वर्षे चालली.

याच शाळेतील आणखी एका विद्यार्थिनीचा उल्लेख येथे केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. मेरी मॅहोनी ही बॉस्टनची नीग्रो कन्या. तिचे आईबाप पूर्वी गुलामगिरीत होते. न्यू इंग्लंड हॉस्पिटलात तिने सुमारे पंधरा वर्षे काढली. स्वयंपाक केला, झाडलोट केली, धुणी धुतली, आणि गरज पडेल तेव्हा परिचारिकांच्या हाताखाली रोग्यांचेही केले. त्या इमारतीतील प्रत्येक खोली तिच्या ओळखीची होती. पण ओळख म्हणजे विद्या नव्हे, हे तिला ठाऊक होते. १८७८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी ती त्याच इस्पितळाच्या शाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. तोपर्यंत अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा झाला होता. तिच्या वर्गात चाळीसांवर विद्यार्थिनी शिरल्या होत्या. शेवटपर्यंत टिकणाऱ्या अवघ्या तीनचार जणींत ती होती. १८७९ मध्ये ती उत्तीर्ण झाली, आणि तिच्या वंशातील पहिली शिक्षित परिचारिका ठरली. रिचर्ड्सबाई तीन महिन्यांत साहाय्यकपण सोडून शाळेत गेल्या. मॅहोनीबाईंना त्यासाठी पंधरा वर्षे थांबावे लागले. थांबणे किती लांबावे हे पुष्कळदा माणसाच्या हाती नसते.

असो. प्रशस्तिपत्र घेऊन रिचर्ड्सबाई न्यूयॉर्कला बेलव्ह्यू इस्पितळात गेल्या. तेथे १८७३ मध्येच नाइटिंगेलबाईंच्या पद्धतीने शाळा निघाली होती. रात्रपाळीच्या देखरेखीचे काम यांच्याकडे आले. त्या काळी दिवसाच्या परिचारिकेने रात्रीच्या परिचारिकेस, आणि हिने तिला, जे सांगावयाचे ते तोंडी सांगावे अशी चाल होती. इस्पितळ मोठे, रोगी शेकड्यांनी, आणि माणसाच्या स्मरणाला मर्यादा. रिचर्ड्सबाईंनी रात्री प्रत्येक अत्यवस्थ रोग्याचे काय झाले, काय दिले, किती वाजता दिले, हे लिहून ठेवण्यास आरंभ केला. त्या टिपणांचा उपयोग डॉक्टरांच्या ध्यानात आला, व त्यांतून प्रत्येक रोग्याची निराळी लेखी नोंद ठेवण्याची व्यवस्थित पद्धत त्यांनी तयार केली. ती पुढे अन्यत्रही उचलली गेली. आज कोणत्याही इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी जो कागद अडकविलेला दिसतो, किंवा आता यंत्राच्या पडद्यावर जी नोंद दिसते, ती पाहताना या रात्रपाळीच्या बाईंची आठवण ठेवण्यास हरकत नाही. औषधाचे नावसुद्धा जिला कळू द्यावयाचे नाही असे ठरले होते, तीच विद्यार्थिनी वर्षभरात रोग्याचा लेखी इतिहास डॉक्टरांपुढे ठेवू लागली.

१८७४ मध्ये बॉस्टनला परतून त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळाशी जोडलेल्या शाळेची सूत्रे हाती घेतली. ही शाळा नुकतीच सुरू झालेली, आणि शिकलेल्या परिचारिका हव्यात कशाला असे म्हणणारे डॉक्टर इस्पितळात पुष्कळ. तीन वर्षांत शाळा पायांवर उभी राहिली.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते आम्हांस सर्वांत विशेष वाटते. १८७७ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, एका नामांकित शाळेची अधीक्षक असलेली ही बाई नोकरी सोडून इंग्लंडास शिकावयास गेली. आपले स्वतःचे शिक्षण अपुरे आहे हे तिला इतरांहून अधिक कळत होते; बारा व्याख्यानांवर आयुष्य काढता येत नाही. लंडनचे सेंट थॉमस, तेथीलच किंग्ज कॉलेज इस्पितळ, आणि एडिंबरोचे रॉयल इन्फर्मरी अशा तीन ठिकाणी राहून तिने तेथील पद्धती पाहिल्या. नाइटिंगेलबाईंची भेट झाली, व त्यांचा लोभ जडला. सात महिन्यांचा हा विद्यार्थिवास आटोपून १८७८ मध्ये त्या परत आल्या, त्या कोठे? ज्या बॉस्टन सिटी हॉस्पिटलात आठ वर्षांपूर्वी त्या साहाय्यक म्हणून राबल्या होत्या, तेथेच डॉक्टर एडवर्ड काउल्स यांच्या साह्याने परिचारिकांची शाळा उभारण्यास. जी उणीव पाहून त्यांनी ते इस्पितळ सोडले होते, ती भरून काढण्याचे काम त्यांच्याच हाती आले.

येथे चरित्राचा धागा क्षणभर सोडून आजच्या स्थितीविषयी दोन शब्द सांगणे आम्हांस अवश्य वाटते; कारण आमच्या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुली आज सातासमुद्रांपलीकडे परिचारिका म्हणून काम करीत आहेत, आणि त्यांच्या धाकट्या बहिणींच्या मनांत तेच आहे. रिचर्ड्सबाईंच्या वेळी परिचारिकेची सरकारी नोंदणी नव्हती. न्यूझीलंडने १९०१ मध्ये तसा कायदा प्रथम केला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना संस्थानाने १९०३ मध्ये केला, व एकामागून एक संस्थाने त्या वाटेने गेली. पुढे दोन पायऱ्या पडल्या. खालच्या पायरीवरील परवानाधारक परिचारिकेस कॅलिफोर्निया व टेक्सस येथे व्होकेशनल नर्स म्हणतात, इतरत्र प्रॅक्टिकल नर्स. तिचे शिक्षण बहुधा वर्षाभराचे असते, आणि ती वरच्या परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमून दिलेले काम करते. वरच्या पायरीवरील रजिस्टर्ड नर्सने रोग्याची स्थिती स्वतः पारखावयाची, शुश्रूषेचा बेत आखावयाचा, आणि त्याची जबाबदारी घ्यावयाची. खालच्या पायरीवरून वर येणाऱ्यांसाठी जे अभ्यासक्रम आहेत, त्यांना ब्रिज कोर्स, म्हणजे पूल, असे म्हणतात. आधीचे शिक्षण व अनुभव हिशेबात धरून मुदत कमी केलेली असते. पदविकेच्या तोडीची असोशिएट पदवी घ्यावयाची तर पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष, पूर्ण पदवी घ्यावयाची तर त्याहून अधिक.

पूल सुरेख दिसला म्हणून त्यावर पाऊल ठेवू नये. पलीकडचे टोक जमिनीला टेकले आहे की नाही ते पाहावे. कॅलिफोर्नियात अशी एक वाट आहे, की व्होकेशनल नर्सने तीस एककांचा अभ्यास केला म्हणजे तिला रजिस्टर्ड नर्सच्या परीक्षेस बसता येते. पण पदवी मिळत नाही, आणि असा परवाना दुसऱ्या संस्थानांत मान्य होईलच असा भरवसा नाही. ज्या बाईला जन्मभर तेथेच राहावयाचे आहे, तिला ही वाट पुरेल. जिच्या नवऱ्याची बदली होते, किंवा जिला पुढे पदवी घ्यावयाची आहे, तिची पुढे अडचण होईल. जाहिरातीत जी मुदत छापलेली असते, तीतही एक मेख असते. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र हे विषय प्रवेशापूर्वीच पुरे केलेले असावे लागतात, व त्यांचा काळ त्या मुदतीत धरलेला नसतो. शिवाय पुष्कळ शाळा ते विषय अमुक वर्षांच्या आत केलेले असावेत असा आग्रह धरतात. व्याख्याने घरबसल्या यंत्रावर ऐकता येतात, हे खरे. पण रोगी घरबसल्या भेटत नाही. तेव्हा प्रत्यक्ष इस्पितळातील कामाची जागा शाळा मिळवून देणार, की ती विद्यार्थिनीने स्वतः शोधावयाची, हे आधी लेखी विचारून घ्यावे. संस्थानाच्या नर्सिंग मंडळाची मान्यता नसेल, तर पुढचे काहीच विचारण्याचे कारण नाही. मान्यता असून राष्ट्रीय प्रमाणन नसेल, तर वरच्या पदवीच्या वेळी व काही नोकऱ्यांच्या वेळी दार बंद आढळते. शाळेच्या किती विद्यार्थिनी परवान्याच्या परीक्षेत पहिल्या बैठकीस उतरल्या, याचे आकडे कॅलिफोर्निया व टेक्सस येथील मंडळे प्रसिद्ध करतात. ते फुकट पाहावयास मिळतात, आणि शाळेच्या रंगीत पत्रकापेक्षा अधिक खरे बोलतात.

या सावधगिरीस कारण आहे. १९२३ नव्हे, २०२३ सालच्या जानेवारीतील गोष्ट आम्ही सांगत आहोत. फ्लॉरिडामधील तीन शाळांनी पैसे घेऊन साडेसात हजारांहून अधिक खोटी नर्सिंग प्रशस्तिपत्रे विकल्याचे प्रकरण अमेरिकन सरकारने उघडकीस आणले. विकत घेणाऱ्यांत खालच्या पायरीवरून वर चढू पाहणाऱ्याही होत्या. त्या तपासाला नाव दिले होते नाइटिंगेलबाईंचे. रिचर्ड्सबाईंच्या शाळेत परीक्षा नव्हती, पण रोगी होते. या शाळांत परीक्षेचा कागद होता आणि रोगी नव्हते.

आपल्याकडेही पायऱ्या आहेत. साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, जिला सर्वत्र ए. एन. एम. म्हणतात, तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. नोंदणी झालेल्या ए. एन. एम. ला जनरल नर्सिंगच्या, म्हणजे जी. एन. एम. च्या, अभ्यासक्रमास प्रवेश मागता येतो; आणि जी. एन. एम. होऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने बी. एस्सी. पदवी घेता येते. मार्ग लांब आहे, पण पायऱ्या पक्क्या आहेत. शाळेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे फी भरल्यानंतर नव्हे, भरण्यापूर्वी पाहावयाचे असते. पालकांनी हे एक काम मुलीवर न सोडता स्वतः करावे.

आता पुन्हा रिचर्ड्सबाईंकडे वळू. वडिलांनी ठेवलेल्या नावाची फेड १८८६ मध्ये झाली. ज्या अमेरिकन बोर्डाने हॉल आणि नॉट यांस मुंबईस पाठविले होते, त्याच बोर्डातर्फे त्या जपानात क्योतो शहरी गेल्या. नीजिमा यांनी स्थापिलेल्या दोशिशा या विद्यापीठाशी संलग्न असे इस्पितळ तेथे डॉक्टर जॉन बेरी चालवीत होते. त्याला जोडून परिचारिकांची शाळा काढावयाची होती. पंचेचाळिसाव्या वर्षी ही बाई पुन्हा एकदा विद्यार्थिनी झाली. या वेळी विषय जपानी भाषा. भाषा नीट येत नसताना शिकविणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांसच कळेल. पण शुश्रूषेत हातांनी दाखविता येण्यासारखे पुष्कळ असते, व ते दाखविण्याची कला त्यांनी डिमॉकबाईंच्या खाटांपाशी घेतली होती. जपानातील अगदी आरंभीच्या शुश्रूषाशाळांत या शाळेची गणना होते. प्रकृतीने साथ सोडली, तेव्हा सुमारे पाच वर्षांनी त्या मायदेशी परतल्या.

पुढील वीस वर्षे त्यांनी एका ठिकाणी घर केले नाही. फिलाडेल्फियात घरोघर जाऊन गरिबांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत काम केले. निरनिराळ्या इस्पितळांत शाळा काढल्या किंवा बिघडलेल्या सुधारल्या. एक शाळा चालू लागली की ती दुसरीच्या हाती देऊन त्या पुढच्या गावी जात. शाळांच्या अधीक्षकांच्या पहिल्या राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परिचारिकांचे स्वतःचे मासिक १९०० मध्ये निघाले, तेव्हा त्याचा पहिला भाग त्यांनी विकत घेतला. उतारवयात मात्र त्यांनी जे क्षेत्र निवडले, तिकडे शिकलेल्या परिचारिका सहसा फिरकत नसत. ते म्हणजे वेड्यांची इस्पितळे. टॉन्टन, वुस्टर आणि मिशिगनमधील कॅलामझू येथे त्यांनी मनोरुग्णांच्या परिचारिकांना शिकविले. शरीराने आजारी माणसास जशी शिकलेली परिचारिका लागते, तशीच मनाने आजारी माणसासही लागते, हा त्यांचा आग्रह होता. तेथे त्यांनी पाहिलेले सेवक पुन्हा त्यांच्या १८७० च्या सोबतिणींसारखेच होते. राबणारे, पण न शिकविलेले. त्यामुळे हे काम त्यांना ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही.

१९११ मध्ये सत्तराव्या वर्षी त्यांनी विश्रांती घेतली, व त्याच वर्षी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पहिल्या वर्गाची दिनचर्या आज आपणांस इतकी बारकाईने ठाऊक आहे, ती मुख्यत्वे या पुस्तकामुळे. १९२३ मध्ये त्यांना अर्धांगाचा मोठा झटका आला. पुढील दिवस त्यांनी काढले ते न्यू इंग्लंड हॉस्पिटलात, ज्या इस्पितळात १८७२ मध्ये सहा रोगी सांभाळीत त्या शिकल्या होत्या. आता खाटेवर त्या होत्या, व भोवती वावरणाऱ्या परिचारिका तीन वर्षे शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून आलेल्या होत्या. १९३० च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले.